दर्यादेवाचा भोंगा

घोडपदेवच्या तीन चाळींनी वर्गणी काढून दर्यादेवाची देवळी बांधली. गोदीत राबलेल्या आणि जहाजांवर जन्म काढलेल्या माणसांची आठवण म्हणून. मागच्या भिंतीवर काळ्या दगडात त्यांची नावंही कोरली. घंटा द्यायचं कबूल केलं होतं बुधाजी मयेकरांनी. गोदीत छत्तीस वर्षं माल उचलणारी विंच चालवलेला हा माणूस दारूखान्याच्या भंगारबाजारात घंटा आणायला गेला, आणि हातगाडीवर जहाजाचा भोंगा घालून आला.

"देवळात घंटा असता. भोंगो कित्याक?" बायको मीराबाईंनी कपाळावर हात मारला.

"दर्यावरच्या माणसाक घंटा ऐकाक येता काय?" बुधाजी म्हणाले. शेवटी देवळीच्या कमिटीने भोंगा दाराशी बसवून घेतला.

भोंग्याला हवा हवी, म्हणून पंक्चरवाल्या राजरत्नचा कॉम्प्रेसर देवळीमागे आणून ठेवला. कमिटीची सेक्रेटरी आकांक्षा म्हणाली, "काका, एकदाच हं. आणि हळू."

"फुंकर मारल्यासारखो वाजतलो, चेडवा!"

प्राणप्रतिष्ठेच्या सकाळी आरती संपली आणि बुधाजींनी छाती फुगवून दांडी ओढली.

भोंगा असा काही बोंबलला की भटजी पळीपंचपात्रासकट पाटावरून घसरले. नाक्यावर बस थांबली, ड्रायव्हर खिडकीतून मान काढून मागे जहाज बिहाज येतंय का बघू लागला. बुधाजींनी घाईघाईने दांडी सोडली. पण ती अडकली ती अडकलीच.

"अरे, कॉम्प्रेसर बंद कर!" ते ओरडले. कानांत बोटं घातलेल्या राजरत्नला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्याने हसून मान डोलावली.

एवढ्यात पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे अप्पा दचकून उठले. वय नव्वद, जहाजावरचे जुने सारंग. खलाशांना हुकूम सोडण्यात हयात गेलेली. भोंगा वाजला म्हणजे जहाज सुटलं, एवढंच त्यांना ठाऊक.

"दोर सोडाऽऽ!"

हुकूम ऐकून सात-आठ म्हातारे खलाशी विचार न करता धावले आणि हाताला लागतील ते दोर सोडून मोकळे झाले. ते मांडवाचे होते. मांडव सावकाश, शिडासारखा फुगत, सगळ्यांच्या डोक्यांवर उतरला.

त्या कापडाखालून चाचपडत मीराबाईंनी हवेची नळी शोधली आणि एका हिसक्यात उपटली. भोंगा गप्प झाला. बुधाजींना वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात अंधारातून अप्पांचा आवाज आला, "सुटला काय रे?"

कापडाखाली आधी आकांक्षा फिसकन हसली, मग भटजी, मग सगळीच माणसं. बुधाजीही हसता हसता डोळे पुसत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मीराबाईंनी स्वतः जाऊन पितळेची घंटा आणली. भोंगा आता फक्त नारळी पौर्णिमेला वाजतो, तोही मीराबाई नळीपाशी उभ्या असतील तरच. अप्पा मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर बसून विचारतात, "जहाज खंय पोचला?"

"एडनच्या बंदराक लागला, अप्पा," बुधाजी गंभीरपणे सांगतात. "हवा बरी आसा."