चेंडू गोलात आला की खेळ थांबला

माझं काम लिफ्ट तपासायचं. दार उघडं असताना लिफ्ट जागची हलता कामा नये, हा आमच्या कामातला पहिला नियम, आणि त्यात 'शक्यतो' हा शब्द नाही. लिफ्ट शक्यतो थांबली तर माणूस शक्यतो वाचेल, एवढंच म्हणता येईल. त्यामुळे शनिवारी सकाळी मुलींच्या सॉफ्टबॉलला जाऊन बसले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझी मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानखुरी आहे आणि एकदा चावली की सोडत नाही. ती त्यांच्या संघाची पिचर. फक्कीने आखलेल्या गोलात उभं राहायचं, खालून हात फिरवून चेंडू टाकायचा, आणि कॅचरने परत दिलेला चेंडू झेलून पुन्हा टाकायचा. एवढं ती छान करायची. घोडं पेंड खायचं ते मधल्या वेळात.

झालं असं की दुसऱ्या संघाचे कोच हे ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ. त्यांची स्वतःची मुलगी त्याच संघात, लांब पायांची, एका जागी न ठरणारी. मी मनातल्या मनात तिला टोळ म्हणायचे. नंतर मी तसं उघडपणे म्हणायला लागले, त्याला माझा नाइलाज आहे. ही टोळ तिसऱ्या बेसवर पोचली की तिथून होमपर्यंत एकच टप्पा उरायचा, आणि तिथे पोचली की एक रन; मधे बेसबाहेर असताना कोणी अंगाला चेंडू टेकवला तर आऊट. मुंगीच्या हातात चेंडू, मुंगी गोलात, आणि टोळ बेस सोडून चार पावलं पुढे येऊन नाचतेय. दोन पावलं पुढे, एक मागे. मुंगीने चिडून तिसऱ्या बेसकडे चेंडू फेकला की तो तिथल्या मुलीच्या डोक्यावरून कुंपणाकडे जायचा आणि टोळ आरामात होमवर. नाही फेकला तर टोळ आणखी दोन पावलं पुढे. एका सामन्यात तिने असे चार रन काढले. चौथ्याला मुंगी चेंडू पोटाशी धरून गोलात उभ्याउभ्या रडली.

ड्रायव्हिंगवाले कडेला हाताची घडी घालून उभे. म्हणे, "खेळाचा भाग आहे, ताई."

"नऊ वर्षांच्या मुलीला रडवणं?"

"माझ्या मुलीने तिला हात तरी लावला का?"

तसा नियम नव्हता असं नाही. आमच्या या छोट्या मुलींच्या गटाच्या नियमपत्रात लिहिलं होतं की, पिचरच्या हातात गोलात चेंडू आला की बेसबाहेरच्या मुलीने लगेच ठरवायचं, पुढे जायचं की मागे. रेंगाळली तर आऊट. पण 'लगेच' म्हणजे किती? आमच्या कोच दाताच्या दवाखान्यात नर्स आहेत, त्या म्हणायच्या लगेच म्हणजे लगेच. अंपायर म्हणून निवृत्त टपालवाले काका उभे राहायचे, ते मनात तीन आकडे मोजायचे. ड्रायव्हिंगवाल्यांच्या मते पाच मोजायला हवेत, कारण लहान मुलींना विचार करायला वेळ लागतो. टोळला विचार करायला वेळ लागतो! ती पोर मनात पाढे म्हणत नाचत असायची.

त्या दिवशी घरी येताना मुंगी मागच्या सीटवर नाक पुसत म्हणाली, "आई, मला तिला आऊट करायचंय. एकदाच. बेसच्या बाहेर असताना."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी बघते."

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पोरीने मला काय सांगितलं आणि मी काय ऐकलं! ती म्हणाली आऊट करायचंय, मी ऐकलं त्रास होतोय. आणि आमच्याकडे त्रास झाला की त्यावर नियम काढतात.

नियम बदलायचा तर पालक आणि कोचची समिती. ती दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसायची, सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. तीन आठवडे मी त्या खुर्च्यांवर बसले. ऑफिसातून थेट तिकडे. पहिले दोन दिवस तर 'लगेच' शब्दावरच गेले. टपालवाले काकांनी खिशातून घड्याळ काढून तीन आणि पाच मोजून दाखवले. कोणीतरी म्हणालं शिट्टी वाजवू. कोणीतरी म्हणालं शिट्टी अंपायर विसरतात. काका रुसले. एक बाई दोन्ही बैठकांना फक्त चहाचं विचारायला आल्यासारख्या आल्या आणि दर वेळी मत मात्र विरुद्ध देऊन गेल्या. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

शेवटी मीच फळ्यावर लिहिलं: 'चेंडू गोलात पिचरच्या हातात आला की खेळ थांबला. बेसबाहेरच्या मुलीने मागच्या बेसवर परत जावं. खेळ थांबल्यावर रन नाही.'

ड्रायव्हिंगवाले म्हणाले, "मग आऊटही नाही. बरोबरी पाहिजे."

मला वाटलं, बरोबरच आहे की. दार उघडं तर लिफ्ट वरही नाही आणि खालीही नाही. मी खडूने पुढे लिहिलं, 'आणि आऊटही नाही.' सगळ्यांनी हात वर केले, त्या चहावाल्या बाईंनीसुद्धा. ठरलं की हंगामाच्या शेवटच्या सामन्यापासूनच लागू करायचा. मी घरी गेले तेव्हा नवरा आणि मुंगी जेवून घेऊन झोपायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "झालं काम." नवऱ्याने विचारलं, कसलं. मी म्हटलं, "शनिवारी कळेल." किती शहाणी मी!

शनिवारी ऊन छान होतं. नवरा बेकरीत कामाला आहे, पहाटे जातो म्हणून सामन्यांना कधी येत नाही. आज बदली माणूस देऊन आला होता. मला नवलच वाटलं. दोरीच्या कडेला घडीची खुर्ची लावून बसला आणि पोरासारखा पाय हलवत राहिला.

"तू कसा काय आज?"

"बघ तू," तो म्हणाला. "तुला सांगू नको म्हणालीय, पण माझ्या पोटात राहत नाही. पोरगी तिसऱ्या बेसवर फेकायला शिकलीय. तू मीटिंगला जायचीस ना, तेव्हा आम्ही बेकरीच्या मागच्या बोळात असायचो. मैद्याच्या पोत्यावर खूण करून. दीड-दीडशे वेळा. खांदा दुखला तरी थांबायची नाही. आज ती त्या टोळला टिपणार."

मला आधी आनंद झाला. खरंच झाला. मग फळ्यावरची ती शेवटची ओळ आठवली.

"अरे, पण आता फेकायची गरजच नाही," मी म्हटलं. "चेंडू हातात आला की खेळ थांबला. नवीन नियम आहे आजपासून."

त्याचे पाय हलायचे थांबले. "म्हणजे तिने फेकून आऊट केलं तर?"

"आऊट नाही."

"असला नियम कोणी केला?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले. लग्नाला बारा वर्षं झालीत, त्याला कळायला तेवढं पुरलं.

"मुंगीला माहीत आहे?"

"कोचनी सांगितलं असेल."

कोचनी सांगितलं होतं. सामन्याच्या आधी, मुली बुटांच्या नाड्या बांधत असताना आणि एकीचा हेल्मेटचा पट्टा केसात अडकून ती किंचाळत असताना. मी उठून सांगायला गेले, तर दोरीच्या आत पालकांना मनाई. हा नियमही गेल्या वर्षी मीच पुढे रेटला होता. मी दोरीवरून हात हलवला. मुंगीला वाटलं मी शाबासकी देतेय, तिनेही हात हलवला.

चौथ्या डावात टोळ तिसऱ्या बेसवर आली. कॅचरने चेंडू परत दिला, मुंगीने गोलात झेलला. टोळ सवयीने बेस सोडून निघालीच. तिलाही नवीन नियम तोंडी सांगितलेला होता, पण तिच्या पायांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन पावलं, चार पावलं. मुंगीने तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली, तिच्याकडे पाठ केली आणि बाहीने डोळे पुसले. खांदे हलायला लागले.

"रडतेय," मी म्हटलं. माझा जीव कळवळला.

"गप बस," नवरा म्हणाला.

टोळ आणखी तीन पावलं पुढे आली, अगदी बिनधास्त. आणि मुंगी गर्रकन वळली. डोळे कोरडे ठणठणीत. चेंडू तिसऱ्या बेसकडे सरळ गेला, तिथल्या मुलीच्या हातमोज्यात फट्कन बसला, आणि टोळ परत फिरेपर्यंत त्या मुलीने तिच्या पाठीला तो टेकवलासुद्धा. टोळ मातीत बसली. मुंगीने दोन्ही हात वर केले. मी तिला जन्मापासून ओळखते, पण असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

टपालवाले काकांनी दोन्ही हात आडवे केले. "खेळ थांबला होता. आऊट नाही. परत तिसऱ्या बेसवर."

मी दोरी ओलांडली. मनाई-बिनाई गेली चुलीत. "काका, ती आऊट आहे! सगळ्यांनी पाहिलं!"

"मीही पाहिलं," काका म्हणाले. "पण चेंडू गोलात हातात आला होता."

"अहो, तो नियम पिचरला त्रास होऊ नये म्हणून आहे. पिचरने स्वतःच फेकला तर तिला त्रास नाही. इतका साधा अर्थ आहे!"

काकांनी खिशातून कागद काढला, उलगडला, हात लांब करून वाचला. "'आणि आऊटही नाही.' यात कुठे आहे तो अर्थ? ताई, 'लगेच' काढून टाकायला तुम्ही आमचे तीन आठवडे घेतलेत."

आपलेच दात, आपलेच ओठ. तोवर ड्रायव्हिंगवाले आले. मला वाटलं, आता जखमेवर मीठ. पण ते म्हणाले, "काका, आऊट द्या. चांगला फेकला पोरीने. माझी हरकत नाही."

"तुमच्या हरकतीचा प्रश्न नाही. आज हिला सोडलं, तर उद्या कोणालाही सोडावं लागेल."

हे वाक्य अक्षरशः माझं होतं. दुसऱ्या मंगळवारी मीच काकांना सुनावलं होतं. मी वर तोंड करून काय बोलणार? तरी बोलले. पाच मिनिटं बोलले, आवाज चढवून बोलले, आणि शेवटी त्यांनी मला मैदानाबाहेर जायला सांगितलं. सगळ्या वेळात मुंगी गोलात उभी होती. आता तिला कळलं होतं. ती काकांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती आणि मग माझ्याकडे.

पुढच्याच चेंडूवर कोणीतरी मारलं आणि टोळ होमवर पळाली. त्या रनाने आम्ही हरलो नाही, उलट तीन रनांनी जिंकलो. मुली ओरडल्या, उड्या मारल्या. मुंगीने हातमोजा काढून पिशवीत ठेवला आणि चेन लावली.

घरी जाताना ती मागे बसली होती. नवरा गाडी चालवत होता. मी आरशात तिच्याकडे पाहत होते. रडली असती तर बरं झालं असतं, रडण्यावर मला काहीतरी करता येतं.

"मंगळवारी जाऊन मी तो नियम रद्द करायला लावते," मी म्हटलं. "चुकलंच माझं. तुला विचारायला हवं होतं."

"आता रद्द करून काय? सामने संपले," ती म्हणाली. मग बुटांच्या नाड्या सोडत, "पुढच्या वर्षी मी मोठ्या गटात. तिकडे हा नियम नाहीच. कोचना विचारलं मी. तिकडे मी फेकू शकते."

"आणि ती मुलगी?"

"ती पण येणार. मी तिला विचारलं. ती म्हणाली पुढच्या वर्षी ती माझ्या रडण्याला फसणार नाही." तिच्या आवाजात किंचित हसू होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "आई, तिकडे तू मीटिंगला जाऊ नकोस."

"नाही जाणार."

"एकाही नाही."

"एकाही नाही. नक्की."

माझ्यावर तिचा विश्वास बसत नव्हता, आणि मला त्याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण रागवायला जागा नव्हती.

"लिहून दे," ती म्हणाली.

मी पिशवीतून पेन काढलं. कागद मिळेना, म्हणून शेवटी सामन्याच्या वेळापत्रकाच्या मागे लिहिलं आणि हात मागे करून तिला दिलं. तिने ते नीट वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"'शक्यतो' खोड," ती म्हणाली.