बंद खिडकीखालची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे आणि माझा स्वभाव भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोलापुरातल्या एका घराच्या गच्चीवर मी पडलेली असते. कोणी विडी पेटवून माझ्यावर टेकलं तरी माझे चारही पाय लटपटतात. तुम्हाला हसू येईल. पण माझ्या पोटाखाली काय काय ठेवलं गेलं, ते ऐकल्यावर तुम्ही हसणार नाही.

माझा जन्म करमाळ्याकडचा. बाभळीचे पाय, बाभळीचीच चौकट आणि वर अंबाडीच्या सुंभाची वीण. येडू नावाच्या माणसाने मला विणलं. गुडघा टेकवून तो दोर असा ताणायचा की माझा जीव कासावीस व्हायचा. विणून झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि हिच्यावर हत्ती झोपवा, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटला. मला धडकीच भरली. हत्ती खरंच आणतात की काय, या काळजीत मी तो सगळा बाजार काढला. हत्ती आला नाही, विरुपाक्षअण्णा आले. ते तिकडे रेल्वेच्या कामावर होते आणि त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी मला विकत घेतलं आणि सोलापूरला आणलं.

बाजेचा जन्म कष्टाचा असतो. उन्हाळ्यात मला अंगणात काढत. माझ्यावर गहू वाळले, कुरडया वाळल्या, पाहुणे घोरले. हे सगळं मला आवडायचं. मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे बाळंतिणीची खोली.

तुमच्या घरी विचारून बघा. बाळंतिणीला बाजेवर निजवतात आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारतात. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकतात. ऊब माझ्या विणीतून वर जाते. आई शेकते, बाळ शेकतं. लोक म्हणतात, काय सुख! असेल बाई. पण त्या निखाऱ्यांच्या आणि त्या दोघांच्या मधे कोण असतं? मी. लाकडाची आणि सुंभाची.

विरुपाक्षअण्णांच्या बायकोचं नाव गौरम्मा. तिला दोन लेकी, काशम्मा आणि हेमावती. मोठी काशम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती माझ्यावरच निजली. बाळ जन्मलं तेच निपचित. पुढे काशम्माला ताप भरला आणि तो उतरेना. तिच्या पाठीचा चटका मला शेगडीपेक्षा जास्त बसत होता. एका दुपारी ती आईला म्हणाली, की जीव गुदमरतोय, खिडकी उघड. गौरम्माने उघडली. वारा आत आला, तेव्हा काशम्माने लांब श्वास घेतला आणि किती तरी दिवसांनी ती शांत झोपली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आयाबाया आल्या आणि एकच बोलल्या. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं. खिडकी उघडायला नको होती. गौरम्माने ते शब्द गिळले आणि ते तिच्या पोटातच राहिले. तापाचं कोणी नावही काढलं नाही. मी तिथेच होते, मला सगळं माहीत होतं, पण बाजेला कोण विचारतो?

मला माडीवर अडगळीत टाकलं. लेक गेलेली बाज घरात नको, फोडून बंबात घाला, असंही कोणी सुचवलं. बंब म्हणजे पाणी तापवायचा. सकाळी त्याच्या जाळाचा आवाज आला की मला कापरं भरायचं.

वर्षं गेली. हेमावतीचं लग्न झालं, अक्कलकोटला दिली. पंच्याहत्तर साल उजाडलं तेव्हा तीही बाळंतपणाला माहेरी आली होती. थंडीचे दिवस. गावची मोठी जत्रा, गड्ड्याची, तोंडावर. विरुपाक्षअण्णा आता होटगी स्टेशनवर कामाला जात. त्यांनी लेकीसाठी बाजारातून नवीन लोखंडी पलंग आणला. हिरवा रंग, उशाशी नक्षी. मी माडीवरून ऐकलं आणि सुटले बाई, असं वाटलं. पण गौरम्माने पलंगाला हात लावून पाहिला आणि मान हलवली. लोखंड गार पडतं, आणि त्यावरच्या जाड गादीतून शेगडीची ऊब वर येत नाही. बाळंतिणीला बाजच पाहिजे, असं तिने ठरवलं. मला खाली काढलं, झटकलं, उन्हात घातलं. दोर नवा विणायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

हेमावतीला मुलगी झाली. इवलीशी, काळ्याभोर जावळाची. खोली तर अशी सजवली की बघत राहावं. धुतलेल्या चादरी, मऊ वाकळ, कोनाड्यात पितळी पेल्यात विरुपाक्षअण्णांनी आणलेली ताजी शेवंती. पण मला धास्ती वाटली ती खिडकीची. गौरम्माने तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून जाड चादर खिळ्यांनी ठोकली. दाराखालच्या फटीला गोणपाट लावलं. वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येता कामा नये. दार उघडायचं ते निखारे घालण्यापुरतंच. तेवढ्यानेही ती कळवळायची.

म्हणून मग संक्रांतीच्या दिवशी तिने ते केलं. लाकडी कोळसा लवकर विझतो, सारखं दार उघडावं लागतं. वखारीतून घरात दगडी कोळसा आला होता. तो कसा दुपारभर धगधगतो, दार उघडायलाच नको. तिने अंगणात शेगडी पेटवली, काठोकाठ भरली आणि माझ्याखाली सारली. आपल्याला ही युक्ती सुचली, म्हणून ती किती खूश होती! तेल लावून अंघोळ घालणारी सारजाबाई तिचं काम आटोपून सकाळीच गेली होती. विरुपाक्षअण्णा आणि जवळजवळ सगळी गल्ली जत्रेतली काठ्यांची मिरवणूक बघायला गेली होती. लांबून हलग्यांचा आवाज तेवढा येत होता.

हेमावती म्हणाली, "अव्वा, सकाळपास्नं डोकं लई दुखतंय. जरा खिडकी उघड की."

गौरम्माचा चेहरा पांढरा पडला. तिने लेकीच्या कानाला फडकं घट्ट बांधलं आणि झोप म्हणून सांगितलं. दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्याशी बसली, राखण करत. तिळगूळ घेऊन आलेल्या शेजारणीलाही तिने लांबूनच परत पाठवलं.

आत आम्ही तिघी उरलो. हेमावती, तिची लेक आणि मी.

आधी मला फक्त माझीच भीती वाटत होती. खालून धग अशी येत होती की सुंभ तडतडू लागला. जळलो तर तिघी जळू, एवढंच डोक्यात. मग हळूहळू दुसरी भीती आली. झोपलेलं माणूस हलत असतं, मित्रांनो. कूस बदलतं, पाय खाजवतं, सुस्कारा टाकतं. हेमावती काहीच करेना. तिचं अंग माझ्यावर जड होत चाललं. बाळाचा श्वास मला विणीतून जाणवायचा, इवलासा, भराभरा. तो विरळ झाला. खोलीत धूर म्हणावा असा धूर नव्हता. ओव्याचा छान वास येत होता. काय होतंय ते मला कळेना, पण काहीतरी होत होतं. मला ओरडायचं होतं. बाजेला तोंड कुठलं?

तेवढ्यात माझा दोर जळाला. एक पदर, मग दुसरा. एका कडेची वीण सुटली आणि वाकळ कलली. बाळ आईच्या पोटाशी सरकलं. हेमावतीचा हात खाली लोंबला आणि पाण्याच्या तांब्यावर आदळला. तांब्या फरशीवर घणघणत गेला. पुढे लोक म्हणाले, बाजेनं वाचवलं. खोटं आहे ते. मी तुटायला तयार नव्हते. भीतीने अर्धमेली झाले होते, आणि जुना दोर तुटला, इतकंच.

गौरम्माने बाहेरून विचारलं, "हेमा, पाणी पाहिजे का?"

तिचा हात कडीवर आल्याचं मी ऐकलं. कडी वाजली, पण दार उघडलं नाही. आत वारा जाईल, या भीतीने ती तिथेच उभी राहिली. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडत होते. उघड गं माये, उघड. तिने पुन्हा हाक मारली. मग दार जेमतेम किलकिलं करून ती आत शिरली आणि सवयीने ते मागे लावूनही घेतलं.

तिने लेकीकडे पाहिलं आणि तिला हायसं वाटलं. हेमावतीचे गाल लालबुंद झाले होते. शेक मानवला, अंगावर तेज आलं, असं ती पुटपुटली. माझ्या अंगावर काटा आला. गौरम्मा वाकली, लेकीला हलवलं. मान एका बाजूला पडली. बाळाला उचललं, तर ते चिंधीसारखं लोंबलं. तिने किंकाळी फोडली नाही. तिला स्वतःलाच भोवळ आली आणि तिने माझी चौकट घट्ट धरली. ती एकदा लेकीकडे बघे, एकदा खिडकीकडे. ती कशाला भीत होती ते मला कळत होतं.

मग तिने माझी चौकट सोडली. ठोकलेली चादर दोन्ही हातांनी ओढली. खिळे उडाले. चिंध्या उपसल्या आणि खिडकी ढकलली. दार सताड उघडलं. बाळाला छातीशी धरून बाहेर धावली, परत आली आणि लेकीच्या काखेत हात घालून तिला फरफटत अंगणात नेलं.

मी आत राहिले. दारातून मला फक्त हेमावतीची पावलं दिसत होती. गार वारा सुटला होता. गौरम्मा कानडीत बोलत होती, मराठीत बोलत होती, शिवाला हाका मारत होती. "कण्ण तेरी, हेमा. डोळे उघड माझे बाई." बाळाच्या तळव्यांवर ती टिचक्या मारत असावी, तसा आवाज येत होता. माझ्या जळक्या सुंभात ठिणगी होती, पण तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्या पावलांकडे बघत होते.

आधी बाळ रडलं. अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखं. पावलं मात्र तशीच होती. लांब हलग्या वाजत होत्या. गौरम्माचा आवाज बसला, तरी ती बोलतच होती. आणि मग उजव्या पायाचा अंगठा हलला. हेमावतीला भडभडून उलटी झाली. इतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. कोंडलेल्या खोलीत कोळशाचं विष साठतं, त्याला रंग नाही, वास नाही, गालांची ती लालीही त्याचीच, असं त्यांनी समजावलं. विरुपाक्षअण्णा भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते. हेमावतीला हिरव्या लोखंडी पलंगावर निजवलं होतं, उघड्या खिडकीखाली. मला कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं.

"अव्वा," हेमावती म्हणाली, "मी सांगितलं होतं की गं. डोकं दुखतंय म्हणून."

"व्हय," गौरम्मा म्हणाली. "सांगितलंतीस. काशीनं बी सांगितलं होतं. तिचं ऐकलं आणि ती गेली. म्हणून तुझं न्हाय ऐकलं."

मग हेमावतीने आईचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"अक्का वाऱ्यानं गेली न्हाय, अव्वा. तिला ताप होता. खिडकी उघडलीस म्हणून निदान एक दुपार ती सुखानं झोपली."

इतकी वर्षं जे मला सांगता आलं नव्हतं, ते तिने सांगितलं. गौरम्मा हमसून हमसून रडली. अंगणातला वारा तिच्या पदराला लागत होता आणि ती खिडकी लावायला उठली नाही.

मला नवा दोर मिळाला, पण शेगडी पुन्हा कधी माझ्याखाली आली नाही. पुढे मला गच्चीवर टाकलं. इथे ऊन आहे, पाऊस आहे, वाळवी आहे. मी त्यांनाही भिते. स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, एका भित्र्या बाजेचं ऐका. तुमच्या घरात कोणी आजारी असेल, बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्यासाठी मऊ गादी घाला, ताजी फुलं ठेवा, सगळं करा. गौरम्माने काय कमी केलं होतं? तिची माया खोटी नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकू येत नाही. म्हणून चादर सारखी करून झाली की अंथरुणातल्या माणसाला विचारा, कसं वाटतंय. आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.