नीलाबाईंची शिवण

सरका जरा जवळ, माउली हो, टाळ क्षणभर खाली ठेवा. एका टाळकऱ्याची गोष्ट सांगतो, अन् झाली तेवढीच सांगतो — चुलीच्या राखेत पत्र्याचा एक तुकडा होता, काळा पडलेला, तारेच्या वेटोळ्यासकट… नरसिंगनं तो अंगठ्यानं पुसला आणि खिळ्यानं ठोकलेले ठिपके एकेक करून वर आले : नीलाबाई.

राख कधीच निवली होती. तरी हात भाजल्यासारखा झाला.

म्हणजे ते झाड वाळलेलं नव्हतं. काल हळद शिजायला लावलेली, कढईला नुकती उकळी, आणि जळण संपलं. मधेच जाळ विझला तर अर्धी कच्ची हळद कुणाच्या कामाची — म्हणून दिवस मावळता मावळता तो कुऱ्हाड घेऊन माळावर गेला, नुसतं वाळकं बघायला. एकही पान नव्हतं त्या शिवणीच्या झाडाला… फाल्गुनात शिवण पानं गाळते, हे साठ वर्षांच्या माणसाला सांगावं लागतं का?

नऊ वर्षांपूर्वी हा माळ बोडका होता, विहिरी पौषातच तळाला जायच्या. सप्त्याच्या शेवटच्या दिवशी गावानं तिथं रोपं लावली आणि घरटी एका माणसानं वीणेला हात लावला : माळावरच्या जित्या झाडाला कुऱ्हाड लावणार नाही. शपथ सांगितली नरसिंगनं, आणि गाण्याच्या भरात वर जोडलं, मोडेल त्यानं पुन्हा टाळ धरू नये. बौद्धवाड्यातली नीलाबाई वीणेपाशी आली नाही, रोपाला हात लावून म्हणाली, "म्या हितंच सांगते." मग पाच उन्हाळे डोक्यावर घागरी. वाटेत भेटली की हसायची — "नरसिंगबुवा, तुमी गाऊन राहा, आमी पानी घालून राहतो." ती गेल्यावर लेकीनं, करुणानं, तिच्या नावानं शिवण लावली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नाव बांधलं.

"बुवा." करुणाच अंगणात उभी होती. "आईचं झाड तोडलं कुणीतरी."

त्यानं मूठ मिटली.

"सगळे गुलाबसिंगकडं बोट करून राहिले. तांड्यावरचा, शेळ्यांवाला, त्याच्याच हातात कोयता असतो म्हणून. त्याच्या शेळ्यांचं माळावरचं पानी बंद करा म्हणतात."

"तुला काय वाटतं?"

"मला न्हाई वाटत. पण दुपारी पारावर बसायचंय. शपथ तुमी दिल्ती, निकाल बी तुमीच सांगा."

पाणी बंद… दुसरं पाणी कोसभर लांब, आणि पुढं चैत्र, वैशाख. चूक झाली म्हणून सांगावं. वाळकं समजलो, अंधारत आलं होतं, पत्रा दिसला नाही — हे सगळं खरंच आहे की. लोक म्हणतील, बुवांची नजर कमी झाली. शेजारची भागूबाई काल म्हणालीच होती, "काहून एवढा धूर करून राहिले? लाकूड ओलं दिसतंय." आणि तो बोलला नव्हता… कारण त्याला माहीत होतं. पहिल्याच घावाला कुऱ्हाड मऊ गेली होती, पात्याला ओल लागली होती. पहिला घाव चुकून. पण दुसरा? दुसरा मी घातला. मीच, माउली, नरसिंग नरसिंग म्हणत कुठवर आडोशाला बसू? कढई उकळत होती, झाड अर्धं तुटलंच होतं, आणि माळावर कुणी नव्हतं.

दुपारी पार भरला. गुलाबसिंग पटका हातात घेऊन उभा होता, कोयता त्यानं आपणच माझ्या पायाशी आणून ठेवलेला.

"व्हय म्हन ना एकदा," कुणीतरी म्हणालं, "शेळ्यांनी कोयता चालवला का मग?" चारजण हसले.

गुलाबसिंग हसला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "बुवा सांगतील ते बराबर."

सदऱ्याच्या खिशात पत्रा, गळ्यात टाळ. सकाळपासून मला टाळाचं भय होतं — तो उतरवावा लागेल, गर्दीत मागं, नुसतं ऐकत उभं राहावं लागेल. आता करुणाकडं बघितलं आणि ते भय कुठं गेलं कळलं नाही. दुसरंच काही छातीवर येऊन बसलं : ही पोरगी मला माफ करील… आणि दुसऱ्या घावाचं सांगायच्या आधीच करील.

टाळाची दोरी मानेत रुतत होती. मी तोंड उघडलं, आणि आधी दुसरा घाव सांगितला.

माझं नाव विसरलात तरी चालेल, माउली. पण माळावरून जाल तेव्हा एका बाईला ध्यानात आणा — नीलाबाई. डोक्यावर घागर घेऊन हसायची.