छत्तीस डब्यांवरची चित्रे

सोमवार, १० मे १९३७, सकाळी सव्वासात वाजता मी माझ्या पत्नीच्या दुकानातले छत्तीस डबे ओट्यावर मांडले आणि त्यांवरची अक्षरे पात्याने खरवडून काढण्यास आरंभ केला. ती आखाजीच्या सणासाठी तळोद्यास भावाकडे गेली होती. परत आल्यावर तिला सुखद धक्का बसावा, असा माझा हेतू होता. हेतू वाईट नव्हता, एवढे नोंदवतो. पण त्याने माझी बाजू सावरली जात नाही.

माझे शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात झाले. पुढे सत्तावीस वर्षे मी ओव्हरसियर म्हणून पूल आणि मोऱ्या बांधल्या. पत्नी भिकुबाई नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. १९३४ साली मी निवृत्त झालो, तिला नोकरी सोडायला लावली आणि आम्ही माझ्या गावी, म्हसावदला, राहायला आलो. आमच्या भावबंदांत मुलींना शाळेत धाडत नसत. घरीच चार पोरी घेऊन बसते, असे ती म्हणाली. मी नकार दिला. साहेबाच्या बायकोने आमच्या पोरी बिघडवल्या, असे कोणी पारावर म्हटलेले मला खपले नसते. मग तिने दुकान काढण्याची परवानगी मागितली. ती मी दिली; मात्र दुकान म्हणजे दुकानच, अशी अट घातली.

मीठ, हळद, गूळ, सुपारी, जिरे असा माल होता. प्रत्येक डब्यावर तिने ठळक अक्षरांत नाव लिहिले. गिऱ्हाईक म्हणजे बहुधा आठ-दहा वर्षांच्या मुली. घरातून त्यांना बाहेर पडण्याची मोकळीक असे ती एवढ्याच कामासाठी. भिकुबाई गुडघे दुखतात म्हणून जागची उठत नसे. मुलीनेच फळीवरून डबा शोधून आणायचा. चुकीचा आणला तर परत ठेवून दुसरा आणायचा. गुडघ्यांवर मी विश्वास ठेवला. आतल्या खोलीत बसून आठवडाभर खिशातल्या घड्याळावर मोजणी केली, तेव्हा एका गिऱ्हाइकामागे सरासरी नऊ मिनिटे निघाली. व्यवस्थेतला दोष मला उघड दिसला.

म्हणून मी चित्रे काढली. नकाशे काढण्याचा हात होताच. जिऱ्याचे दाणे मोठे करून दाखवले, गुळाच्या ढेपेला छाया दिली.

ती परत आली, फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. घरी आम्ही अहिराणीच बोलत असू.

"मिरची ते अशी काढी तुम्ही, का पाहीसनच ठसका लागी," ती हसून म्हणाली. मग तिने विचारले, "अक्षरे कोठे गयात?"

रंग नीट बसण्यासाठी पत्रा कोरा करावा लागतो, हे मी तिला समजावून सांगितले. तिने "बरं" म्हटले आणि पिशवी घेऊन आत गेली. तेवढ्यावर माझे समाधान झाले. जूनमध्ये पुन्हा मोजणी केली. सरासरी दोन मिनिटे. तो आकडा मी त्याच संध्याकाळी पारावर सर्वांना सांगितला.

३ डिसेंबर १९३९ रोजी विषमज्वराने ती गेली. तेराव्यानंतर दोन दिवसांनी शेजारच्या हिलाल पाटलांची मुलगी धनुबाई आली. वय चौदा, येत्या वैशाखात तिचे लग्न ठरले होते. दुकान बंद करून डबे वाटून टाकावेत असे मनात आहे, एखादा तूही ने, असे मी तिला म्हणालो. ती डब्यांकडे न पाहता म्हणाली, "चितरंना डबा माले नको, आप्पा."

कारण विचारले तेव्हा तिने ते सांगितले, आणि सांगताना आवाज चढवला नाही. डबा शोधणे हाच धडा होता. नाव लागले की भिकुबाई दुसरे नाव विचारी, मग तिसरे, मग पुडीच्या कागदावरची एक ओळ. घरी उशिराबद्दल विचारले की मुली सांगत, दुकानात गर्दी होती. पारावरचा माझा आकडा घरोघर पोचला, तेव्हापासून हे कारण चालेना. आया म्हणू लागल्या, आप्पाच सांगतात दोन मिनिटे लागतात, तू कोठे होतीस?

"मंग बोट दखाडानं, मीठ लेवानं, घर जावानं," धनुबाई म्हणाली.

भिकुबाईने मला का सांगितले नाही, असे मी विचारले.

"बाई म्हनेत, आप्पासले कळनं ते दुकान बंद करी देतीन."

तिचे म्हणणे खरे होते. मी बंद केले असते. चित्रांपूर्वी किती मुली वाचू लागल्या होत्या, हे धनुबाईने बोटांवर नावे घेऊन सांगितले: अकरा. चित्रांनंतर एकही नाही.

त्या आठवड्यात मी चित्रे खरवडली आणि पुन्हा नावे लिहिली. परंतु मुलींना तो वेळ परत मिळवून देणे अवघड होते. नोकरीत मी एकही खोटे माप लिहिले नाही. तरी पारावर जाऊन सांगितले, की माझी दृष्टी गेली आहे, डबे मला ओळखू येत नाहीत, पोरींनाच शोधून द्यावे लागतात. त्यांना उशीर झाला तर दोष माझा. लोटन पाटील म्हणाले, "आप्पा, तुम्हना दुकानपेक्षा तळोदाना बजार लवकर व्हई." सगळे हसले. मीही मान हलवली. यापूर्वी पारावर मला कोणी हसले नव्हते.

तेव्हापासून मी तिच्या जागेवर बसतो. मला शिकवता येत नाही. मुली अडल्या की काय बोलावे ते सुचत नाही. पुढचे नाव कोणते विचारावे, याचा तिने काही क्रम ठरवला असणार, तो मला ठाऊक नाही. काही मुली कंटाळून शहाद्याहून येणाऱ्या फेरीवाल्याकडे वळल्या.

आज १५ जानेवारी १९४१. वर्षभरात वाचू लागलेल्या मुली: चार.