भुऱ्या बैल आणि सुपारीवरचं बोलणं

मी एक जुना अडकित्ता आहे. दलसिंग पावऱ्याचा हरवलेला भुऱ्या बैल मी तोंडातून एक शब्द न काढता सोडवून आणला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. बैल अजून परक्याच्या गोठ्यात आहे, दलसिंग घाबरलेला आहे आणि मी नवाकोरा, चकचकीत आहे.

माझा जन्म शहाद्याच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला इतकं बडवलं, की पुढे आयुष्यात कशाचंच वाईट वाटलं नाही. बाजारात मला कमलीबाईने उचललं. ती कळसाडीला कापूस वेचायला जायची, म्हणून तिला खालच्या मुलखाची अहिराणी यायची. तिचा नवरा दलसिंग धडगावच्याही वरच्या डोंगरातला. पावरीत, म्हणजे आपल्या घरच्या बोलीत, तो अस्वलाशीही हुज्जत घालायचा. अहिराणीत मात्र नुसतं 'हो' म्हणतानाही त्याला घाम फुटायचा.

त्यातच पेरणीच्या तोंडावर भुऱ्या दुसऱ्यांच्या बैलांमागे घाट उतरला आणि थेट ब्राह्मणपुरीला लोटन पाटलांच्या गोठ्यात जाऊन राहिला. एका बैलाने नांगर चालत नाही. कमलीबाईचे दिवस भरलेले. जायचं दलसिंगलाच होतं.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला.

"मग बोलू नकोस," कमलीबाई म्हणाली. "मी बघितलंय ना! खाली घाईने बोलतो तो गडी, आणि सुपारी कातरत बोलतो तो पाटील. समोरच्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा, मान हलवायची आणि पुढचं सुचेपर्यंत कातरत राहायचं."

माझी नेमणूक झाली! आनंदाने माझा खिळा ढिला व्हायची वेळ आली.

लोटन पाटलांचा ओटा माणसांनी भरलेला होता. पाटलांच्या घरची बोली गुजरी. अहिराणी त्यांची बाजारापुरती. म्हणजे मित्रांनो, तिथे दोघेही परकी भाषा बोलणार होते. फक्त अडकित्ता एकाकडेच होता.

"काय रे भाऊ, बैल तुन्हाच शे कशावरून?" पाटलांनी विचारलं. बैल तुझाच कशावरून, असं.

"कशावरून," दलसिंग म्हणाला आणि त्याने मला दाबलं. कट्.

डोंगरातल्या माणसाला गप्प बसण्याचं काही वाटत नाही. ओट्यावरच्या माणसाला मात्र ते सोसत नाही. पाटील चुळबुळले. "शिंगवरून का?"

"शिंगवरून." कट्.

"डावं शिंग मोडेल शे, तेच ना?"

"तेच." कट्, कट्.

दारातून सरलाबाई पाटलीण हसल्या. "ओ, त्याले इचारी ऱ्हायनात, का त्याले सांगी ऱ्हायनात?"

तोवर दलसिंगपुढे कातरलेल्या सुपारीचा ढीग झाला होता. एवढ्याचं काय करायचं ते कमलीबाईने शिकवलं नव्हतं. त्याने ती मुकाट्याने सगळ्यांच्या हातावर ठेवली. पाटलांनीही तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं, बैल तुन्हाच शे."

मला वाटलं, जिंकलो! पण पाटील पाटीलच. चघळता चघळता ते गोड आवाजात म्हणाले, "मंग मन्ही पेरनी व्हये तवलग बैल आठेच ऱ्हाऊ दे."

दलसिंगने सवयीने मान हलवली. "आठेच ऱ्हाऊ दे."

'आठेच' म्हणजे इथेच! आणि कातरायला सुपारीच उरली नव्हती. माझी पाती रिकामीच मिटली. खट्! ओटा हसला. दलसिंगला शब्द समजला नाही, हसणं मात्र समजलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने मला बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या अहिराणीत म्हणाला, "पाटील... पेरनी मन्ही बी शे. बायको... पोटुशी. बैल... एकच उरना."

वाक्याला हात होते तर पाय नव्हते. तरी ओट्यावर कोणी हसलं नाही.

सरलाबाई पुढे आल्या. "सुपारी खादी ना तुम्ही? त्यावर काय बोलनात? बैल त्याना शे. सुपारीवरनं बोलनं पक्कं. नंतरच्या बोलन्याले नवी सुपारी नही, ते कोरडं बोलनं काय धरतस?"

पाटलांनी सुपारी गिळली, कारण आता थुंकून उपयोग नव्हता. मग तेच खो खो हसले आणि उठून भुऱ्याचं दावं सोडायला गेले.

डोंगरात बातमी पसरली, की दलसिंगच्या अडकित्त्याला अहिराणी येते. घाट उतरणारा प्रत्येक जण मला मागून नेऊ लागला. शेजारच्या करमसिंगने तर मला एकट्यालाच पाठवायचं ठरवलं होतं! पुढे पोरं शाळेत गेली, भराभर बोलू लागली, आणि मी आढ्याला गंजत राहिलो. मित्रांनो, अडखळणाऱ्याला थोडा वेळ द्या. आणि जुन्या अडकित्त्याला थोडं तेल.

सबब मेहेरबान सरकारांस नम्र विनंती, की धडगावला अक्राणी तालुक्याच्या कचेरीत दुभाष्याच्या जागेवर मला कायम करावे. शिक्षणाच्या रकान्यात 'दोन पाती' असे लिहावे. आणि यापुढे घाट चढून येणाऱ्या प्रत्येक साहेबाने पावरीतच बोलावे. शब्द सुचेपर्यंत कातरायला मी हजर आहे. सुपारी साहेबांनी आपली आणावी.