दुसरा भाग धुळ्याला

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, खालच्या कडेपासून एक्केचाळीस मिलिमीटरवर, एक गोल भोक आहे. व्यास दीड मिलिमीटर. कडा इतक्या स्वच्छ की कुणी दाभणानं पाडलं असावं असं वाटतं. पण दाभणाचं भोक सरळ जातं. हे आतल्या पानांतून तिरकं उतरत आलेलं आहे. घरात सगळे याला कसर म्हणतात. कसर कागद वरवर खरवडते. अशी भोकं पाडते ती एका बारीक भुंगेऱ्याची अळी. हे मी नानांना बरेचदा सांगितलं. नाना म्हणतात, “शत्रूचं नाव काही असू दे, तटबंदी फोडली ना त्यानं?”

नाना म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे एरंडोलकडचे. नाना जळगावच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. तरुणपणी सैन्यभरतीला गेले तेव्हा छाती थोडी कमी भरली. ती उणीव त्यांनी पुस्तकांनी भरून काढली. रद्दीची दुकानं, बंद पडलेली वाचनालयं, निवृत्त फौजींच्या माळ्यावरच्या पेट्या, सगळीकडे हिंडून त्यांनी युद्धशास्त्राची दोन कपाटं जमवली आहेत. ज्या माणसानं रिक्षावाल्याशी कधी घासाघीस केली नाही, त्याच्याकडे वेढा, रसद, माघार आणि पूल उडवणे या विषयांवरचं सगळं काही आहे. आई म्हणते, “नळ आल्यावर मोटार लावायची की नाही हे यांचं अजून ठरत नाही, आणि पूल उडवणार!”

त्या कपाटांतला मानाचा गणपती म्हणजे हे भोकवालं पुस्तक. डोंगरी किल्ल्यांच्या लढाईवर शंभर वर्षांपूर्वी छापलेलं, दोन भागांचं. पहिल्या भागात गड राखायचा कसा ते आहे, दुसऱ्यात घ्यायचा कसा. नानांकडे फक्त पहिला. दुसऱ्यासाठी ते वीस वर्षं पुण्या-नाशिकपर्यंत पत्रं टाकत होते.

तो धुळ्याला निघाला, आणि तोही माझ्या लग्नाच्या बोलण्यात.

मी केळीची ऊतीसंवर्धित रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. वय बत्तीस. जानेवारीत धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा हितेंद्र, जनावरांचा डॉक्टर. वडील भाईदास आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. आई सुमनबाई. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, हितेंद्रनं पोह्यांकडे पाहिलं आणि आप्पांनी माझ्या डोक्यावरून कपाटाकडे पाहिलं.

“तो पहिला भाग आहे का हो, लोटनभाऊ?”

“हो,” नाना सावध झाले. “का?”

“काही नाही. दुसरा माझ्याकडे आहे.”

यानंतर पोहे गार झाले. मला नाव, शिक्षण, स्वयंपाक, काहीच कुणी विचारलं नाही. मला आणि हितेंद्रला दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं होतं. खाली बोलवायला कुणी आलंच नाही, म्हणून आम्ही ऊन उतरेपर्यंत बोललो. त्यानं सांगितलं, त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर युद्धाचे नकाशे असतात आणि ताट नदीच्या अलीकडे ठेवायचं की पलीकडे हे आप्पांना विचारावं लागतं. मी हसले. मी सहसा अनोळखी माणसासमोर हसत नाही.

ते लोक गेल्यावर नानांनी मला विचारलं, “मुलगा कसा वाटला?”

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

“कर, कर. घाई नाही,” नाना म्हणाले. इतक्या आनंदानं कोणत्याही मुलीच्या बापानं हे वाक्य उच्चारलं नसेल.

आनंदाचं कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. आमच्यात मुलीच्या सासरचं काही घेत नाहीत. जुनी माणसं तर नातवंड होईपर्यंत तिथलं पाणीही पीत नसत. नानांनी बाकी बरेच रिवाज सोडले आहेत, हा सोडलेला नाही.

“एकदा सोयरीक झाली की त्या घरातली काडी मला चालणार नाही,” नाना म्हणाले. “म्हणजे पुस्तक घ्यायचं तर आधीच. रोख पैसे देऊन.”

“आणि त्यांनी नाही दिलं तर?” आईनं विचारलं.

“वेढा घालायचा.”

“तुमच्याकडे राखायचा भाग आहे. घ्यायचा त्यांच्याकडे,” आई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

रविवारी हितेंद्रचा फोन आला. आप्पांची अडचण नेमकी उलटी होती. सोयरीक ठरल्यावर मुलाच्या बापानं मुलीच्या बापाकडे काहीही मागितलं, अगदी कसर लागलेलं पुस्तक, तरी लोक त्याला हुंडाच म्हणणार. आयुष्यभर शाळेत हुंड्याविरुद्ध भाषणं दिलेला माणूस. म्हणून पहिला भाग मिळवायचा तर त्यांनाही आधीच मिळवायला हवा होता.

“म्हणजे दोघांनाही लग्न ठरायला नको आहे,” मी म्हणाले.

“ठरायला हवं आहे,” हितेंद्र म्हणाला, “पण लगेच नको.”

तेव्हापासून बोलणी सुरू राहिली. नातेवाईक विचारत, “जमलं का?” नाना म्हणत, “चर्चा सकारात्मक आहेत.” नाना पद्मालयाच्या गणपतीचा प्रसाद घेऊन धुळ्याला जात आणि हळूच किंमत काढत. आप्पा जळगावजवळ नशिराबादला कुणाच्या तरी लग्नाचं निमित्त काढून आमच्याकडे येत आणि हळूच अदलाबदलीचं बोलत: पहिल्या भागाच्या बदल्यात घोडदळाची तीन पुस्तकं. दोघंही एकमेकांना फार आवडू लागले होते. भाग मात्र कुणी सोडत नव्हतं.

मीही काही बोलत नव्हते. दर रविवारी हितेंद्रचा फोन येई. एकदा त्यानं एका म्हशीच्या अवघड बाळंतपणाचं इतकं नीट वर्णन केलं की मी मध्ये तीन प्रश्न विचारले, आणि त्यानं तिन्हींची सरळ उत्तरं दिली. ज्याचं माहीत नव्हतं त्याला माहीत नाही म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण कळणं आणि सांगणं यांच्यामध्ये नानांची दोन कपाटं उभी होती, आणि त्यांच्याआड मला बरं वाटत होतं.

ऑक्टोबरात हितेंद्र म्हणाला, “मामानं शिरपूरचं एक स्थळ आणलंय. आई म्हणते, तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्याकडचा होकार आला नाही तर ती तिकडे शब्द देणार.”

“तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं जानेवारीतच सांगून झालंय. तुमचं राहिलंय.”

मी नेहमीसारखं “विचार करून सांगते” म्हणणार होते. म्हटलं नाही, पण दुसरंही काही म्हटलं नाही.

आणि नेमका तुळशीच्या लग्नाच्या दिवशीच नानांनी धुळ्याला जाऊन मुलाचं घर रीतसर पाहायचा बेत आखला. इतक्या महिन्यांनंतर! बरोबर मी, आई आणि नानांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला पहिला भाग. पारोळ्यापर्यंत नानांनी तो मांडीवर धरला होता. पुढे त्याच्यावर ऊन आलं म्हणून बसमधली जागा बदलली.

आप्पांच्या घरी नानांनी ना स्वयंपाकघर पाहिलं ना मागचं अंगण. दोघांनी दोन्ही भाग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आप्पा एकदम ओरडले, “लोटनभाऊ, हे बघा!”

दुसऱ्या भागाच्या पुढच्या पुठ्ठ्यावरही एक भोक होतं.

“एकच कसर!” नाना म्हणाले. “इथून बाहेर, तिथून आत!”

“म्हणजे दोन्ही भाग एकाच फळीवरचे. एकाच संचातले.”

“ताटातूट झाली होती हो बिचाऱ्यांची!” नानांचा आवाज खरंच ओला झाला. “हेमांगी, तू शास्त्र शिकलीस. सांग यांना.”

हितेंद्रनं आप्पांची शाळेतली पट्टी आणून दिली. मी मापलं. दोन्ही पुस्तकं पुन्हा सरळ लावून परत मापलं.

“नाही,” मी म्हणाले. “सहा मिलिमीटरचा फरक आहे. भोकाचा आकारही वेगळा. शिवाय या भागातली अळीही आत शिरलेली नाही, आतून बाहेर आलेली आहे. हे दोन वेगळे किडे आहेत.”

“सहा मिलिमीटर म्हणजे काय?” नाना म्हणाले. “पुस्तक जरा वर ठेवलं असेल.”

“फळी तिरपी असेल,” आप्पा म्हणाले.

“अळी दमली असेल, मागे वळली असेल.”

“अहो, माघार हासुद्धा डावच असतो!”

दहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूनं लढत होते, आणि समोर मी एकटी होते. हितेंद्र खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

सुमनबाई शेवभाजीचं पातेलं घेऊन आल्या. ते त्यांनी थेट टेबलावर, नकाशाच्या मधोमध ठेवलं. पुस्तकं वाचवायला दोघांनी एकदम हात घातले.

“कव्हढं ते कौतिक!” त्या अहिराणीत कडाडल्या. “तुम्ही दोन्ही किडासनं लगीन जमाडी ऱ्हायनात. पोरगीले कोनी इचारं का?”

“ती विचार करतेय, अक्का,” नाना म्हणाले.

“दहा महिना?”

“शास्त्राची पोरगी आहे. नीट तपासून बोलते.”

आप्पांनी दुसरा भाग छातीशी धरला होता. नानांकडे, मग माझ्याकडे पाहून ते हळूच म्हणाले, “लोटनभाऊ, आता एका संचातले नाहीतच, तर... म्हणजे तुमचा एवढा जीव आहे, तर एखाद्या वाजवी किमतीला मी विचार करीन म्हणतो.”

नानांचा श्वास मला ऐकू आला. वीस वर्षांची पत्रं त्यात होती. त्यांनी खिशाकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ अगदी स्पष्ट होता: दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं काही बोलू नकोस, पोरी.

पण सुमनबाई हातातला डाव तसाच उगारून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बेटा, मी तुलेच इचारस. शिरपूरवालासले आज सांगनं शे. तुले मना पोऱ्या पसंत शे का नही? हा ते हा, नही ते नही.”

नाना घाईघाईनं म्हणाले, “अक्का, जेवणं तर होऊ द्या...”

हितेंद्र खिडकीपासून वळला. त्याचे खांदे आता हलत नव्हते. आई माझ्या शेजारी होती; तिनं नानांचा खिशातला हात वरूनच घट्ट दाबून धरला.

मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

“हो,” मी म्हणाले. “मला हितेंद्र पसंत आहेत.”