मधली दीड वीत

शामकला गेली त्याला अडीच महिने झाले, तरी मनिरामला अजून भात जमत नव्हता. कधी तो पातेल्याच्या बुडाला लागायचा, कधी वरचे दाणे कच्चे राहायचे. धानाच्या मुलखात जन्म गेला, राईस मिलमध्ये पंचवीस वर्षं तांदळाची पोती पाठीवर वाहिली, आणि पसाभर तांदूळ शिजवता येत नाहीत, हे तो कोणाला सांगत नसे. करपलेला भात पाणी टाकून मुकाट्यानं खायचा आणि पातेलं राखेनं घासत बसायचा. एकदा त्यानं पांढरा सदरा आणि बनियान लाल काठाच्या चिंध्यांसोबत एकाच बादलीत भिजत घातले. दुसऱ्या दिवशी गुलाबी बनियान घालून नळावर गेला, तेव्हा शेजारची सुमित्राबाई म्हणाली, "नवरदेव बनले का जी, भाऊजी?" बाकीच्या बायका हसल्या. त्यानं हंडा भरला आणि घरी आला.

चिंध्या घरभर होत्या. शामकला गोधड्या शिवायची. चोरखमारा तलावाच्या खालच्या गावांतून लोक जुनी लुगडी, धोतरं घेऊन तिच्याकडे यायचे. ती लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायची, काठापासून सुरुवात करायची आणि वेढ्यामागून वेढा घालत मधाकडे यायची. डावा हात गोधडीखाली, उजव्या हातात सुई. सवड असली की सुमित्राबाईही समोर येऊन बसायची. दोघींचं बोलणं आणि शिवणं सोबतच चालायचं.

मनिरामला या कामाचा राग होता. जेवणात दोरा निघायचा. एकदा खाटेवर बसताना त्याला सुई टोचली, तेव्हा त्यानं दोन दिवस तोंड वाकडं करून घालवले. चिंध्या शिवून कोणाचा वाडा उभा राहिला, असं तो चारचौघांत म्हणायचा. गोधडी झाली की ती म्हणायची, "एक डाव पाह्य तं." तो म्हणायचा, "पाह्यलं," आणि पान लावत बसायचा. चौतीस वर्षांत त्यानं एकाही गोधडीवर हात फिरवला नाही.

कार्तिकात एका दुपारी गोधडीवर बसल्या बसल्याच तिच्या छातीत कळ आली. तिनं सुई कापडात टोचून ठेवली आणि जरा पडतो म्हणाली. ऑटो तिरोड्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंतही ती राहिली नाही.

गोधडी तशीच राहिली. चारही बाजूंनी भरत आलेली, फक्त मधली दीड वीत जागा उघडी. गोधडी होती अंजूची. अंजू याच गल्लीतली पोरगी, गोंदियाला दिलेली. तिची माय फुलवंता मागच्या माघात वारली. मायची पाच लुगडी अंजूनं शामकलाकडे आणून दिली होती. मायच्या बरसीच्या, वर्षश्राद्धाच्या आधी गोधडी पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तेरवी झाल्यावर मनिरामनं ती गोधडी पहिल्यांदा नीट उघडून पाहिली. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. तो बराच वेळ पाहत राहिला. मग जो भेटेल त्याला तो सांगू लागला, की शामकलासारखा टाका या भागात कोणालाच येत नाही. लोक मान हलवायचे. माणूस दुःखात आहे, त्याला काय म्हणायचं.

पौषात अंजूचा फोन आला. बरसीला पंधरा दिवस राहिले. काकीचं असं झालं, त्याला कोणाचा इलाज नाही. गोधडी झाली नसेल तर मायची लुगडी तशीच परत द्या, असं ती म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली. पण लुगडी परत द्यायची म्हणजे शामकलाचा एक-एक टाका उसवायचा. मनिराम म्हणाला, "होऊनच राहिली. थोडीशीच उरली."

सुमित्राबाईनं हे ऐकलं आणि ती स्वतःहून दारात आली. "आणा इकडं," ती म्हणाली, "एका दुपारचं काम आहे."

"नाई," मनिराम म्हणाला. "तिच्या कामाले दुसऱ्या बाईचा हात नाई लागू देत मी. तिचा टाका वेगळा आहे."

सुमित्राबाई दारातूनच मागे वळली. "होती तवा तं चिंध्या म्हणत होते," ती म्हणाली आणि गेली.

म्हणून तो स्वतः बसला. जगाच्या पाठीवर तिच्या कामाला हात लावायचा हक्क कोणाला असेल तर आपल्यालाच, असं त्याच्या मनानं घेतलं. सुईत दोरा ओवायलाच त्याला अर्धा तास लागला. थंडी होती, फरशी गार लागत होती, म्हणून त्यानं खाली सतरंजी अंथरली, तिच्यावर गोधडी. शामकलाच्या दोऱ्याचं सुईतून निसटलेलं टोक वर आलेलंच होतं. त्याला त्यानं आपला दोरा गाठ मारून जोडला. दोन्ही एकाच रिळाचे. वर बसून शिवत राहिला. टाके वाकडे पडत होते, अंगठ्याएवढे लांब होत होते, पण जागा भरत होती. दुपारपर्यंत दोन वेढे झाले. त्याला बरं वाटलं. गोधडी उचलून पाहावी म्हणून त्यानं ओढली, तर सतरंजीही सोबत आली.

शामकला डावा हात गोधडीखाली ठेवायची तो याच्यासाठी. मनिरामनं हात वरच ठेवला होता आणि गोधडी सतरंजीला शिवून टाकली होती.

तो एकटाच होता, तरी त्याला लाज वाटली. कोणी यायच्या आत सुटावं म्हणून त्यानं गोधडी उलटी केली, दोऱ्यात अडकलेले सतरंजीचे धागे ब्लेडनं कापले आणि वरून दोरा ओढायला लागला. दोरा सरसर येत होता. सोपं काम होतं. तो ओढत राहिला, गुंडाळत राहिला. मध्ये त्याची गाठ निघाली ती त्याला दिसली नाही. हातात बराच दोरा जमल्यावर त्यानं खाली पाहिलं. मधली उघडी जागा आता दीड वीत नव्हती, हातभर झाली होती. त्याच्या टाक्यांच्या मागे तिचेही तीन वेढे निघून आले होते.

तो दोरा हातात धरून बसून राहिला. संध्याकाळी गाय ओरडली तेव्हा उठला.

पुढचे पाच दिवस त्यानं ती हातभर जागा स्वतःच भरली. या वेळी सतरंजी काढून टाकली. डाव्या हाताच्या बोटांना इतक्या सुया टोचल्या, की भात कालवताना मीठ झोंबायचं. काम संपलं तेव्हा कडेनं सगळी गोधडी सरळ होती आणि मधात ती पोत्याच्या तोंडासारखी शिवलेली दिसत होती.

बरसीच्या दोन दिवस आधी अंजू ऑटो करून आली. ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं. तिनं अंगणातल्या उन्हात खाटेवर गोधडी पसरली. मायचं हिरवं लुगडं वरच्या थराला होतं, त्यावरून तिनं हात फिरवला. काठ ओळखला, कोणत्या लग्नातलं ते सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते. मग हात मधात आला आणि थांबला.

"काकीचा हात शेवटी शेवटी थरथरत होता वाटते," ती म्हणाली.

मनिराम काहीच बोलला नसता तर चाललं असतं. अंजूनं गोधडी घडी करून नेली असती, बरसीला दहा बायकांनी ती पाहिली असती आणि शामकला शेवटी असं शिवायची, असं म्हटलं असतं. चौतीस वर्षांत तिची एकही गोधडी कोणी नावं ठेवून परत आणली नव्हती. कुंपणापलीकडे सुमित्राबाई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले होते.

"ते टाके माहे आहेत," मनिराम म्हणाला.

मग त्याला सगळंच सांगावं लागलं. सतरंजी, ब्लेड, दोरा. अंजू ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"मंग सुमित्रामावशीले काऊन नाई देली?"

शामकलाचा टाका वेगळा होता, असं काहीतरी तो पुटपुटला.

"लुगडे माह्या मायचे होते, काकाजी," अंजू म्हणाली. "तुमच्या घरचे नाई."

ती घडी घालू लागली. गोंदियात एक दर्जी आहे, त्याच्याकडून मशीन मारून घेईन, म्हणाली. मनिरामनं सांगितलं, फक्त मधातच मारायला सांगजो. अंजू म्हणाली, त्याची मशीन मधातच कशी थांबेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा मारतो तो, सगळ्या टाक्यांवरून.

मनिरामनं तिच्या हातातून गोधडी घेतली. ओढून घेतली असंच म्हणावं लागेल. कुंपणाला वळसा घालून तो सुमित्राबाईच्या अंगणात गेला आणि तिच्यापुढे ती ठेवून उभा राहिला. सुमित्राबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, मनिरामचे टाके भराभर उसवले आणि खाली बसली. अंजूनं ऑटोवाल्याला चहा पाजला, मग दुसऱ्यांदा पाजला. मनिराम पायरीवर बसून पाहत होता. सुमित्राबाईचा डावा हात गोधडीखाली होता. सुई खाली जायची, वर यायची, सहा टाके एकदम घेऊन पुढे सरकायची. इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणात. ऊन कललं तेव्हा हातभर जागा भरली. पाच दिवसांचं त्याचं काम तिनं अर्ध्या दुपारात संपवलं.

अंजूचा राग निवळला होता. तिनं मोबाइल काढला. म्हणाली, "काकाजी, काकीचे टाके कोणते ते दाखवा. फोटो काढून रुचिकाले पाठवतो." रुचिका म्हणजे मनिरामची मुलगी, बिरसी गावात दिलेली.

मनिराम उठला. धोतराला हात पुसले. मधाकडे त्यानं पाहिलंच नाही, चूक व्हायला नको म्हणून. कडेकडेनं नजर फिरवली. सगळ्यांत बारीक, सगळ्यांत सरळ टाके होते तो कोपरा त्यानं हेरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे पाह्य," तो म्हणाला. "असा टाका कोणाले येत नाई."

अंजूनं फोटो काढला. सुमित्राबाई दोरा तोडत होती. तिनं मान वर केली, कोपरा पाहिला.

"तो माहा, भाऊजी," ती म्हणाली. "दसऱ्याले तिले ताप होता. तेवढा कोपरा मीच भरून देल्ला."

मनिरामचं बोट तिथंच राहिलं.

"मंग तिचे कोणते?" त्यानं विचारलं.

सुमित्राबाई दाखवायला पुढे वाकली, पण दारात ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. अंजूनं मोबाइल पाहिला.

"राहू द्या, काकाजी," ती म्हणाली. "फोटोत दोघींचे सारखेच दिसतात."

तिनं गोधडी उचलली, चार घड्या घातल्या आणि ऑटोत ठेवली.